घरी अखेरचं आजारपण आणि आपण एकटेच परदेशी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नाशिकमध्ये घरोघरी जाऊन अखेरच्या आजारातल्या माणसांची शुश्रूषा करणं आणि त्यांच्या घरच्यांशी बोलणं हे माझं काम. गेल्या काही वर्षांत एका वेगळ्याच प्रकारचे फोन येऊ लागलेत. मुलगी पोर्तुगालला एकटीच फिरायला निघालेली असते, नातू व्हिएतनाममध्ये बाइकवर असतो, आणि इकडे सिडकोत नाहीतर पंचवटीत आई, आजोबा, मावशी अंथरुणाला खिळलेली असते. प्रश्न तेच तेच येतात, म्हणून उत्तरं एका जागी लिहून ठेवली. नोकरी-शिक्षणासाठी तिकडेच राहणाऱ्यांनाही यातलं बरंच लागू पडेल. पण लिहिताना डोळ्यांसमोर आहेत ते काही आठवड्यांसाठी एकटे निघालेले लोक.

१. आईचा आजार आता बरा होणार नाही असं डॉक्टर म्हणाले. माझं तिकीट झालंय, व्हिसा लागलाय. जाऊ की नको?

सरसकट उत्तर नाही, पण ठरवायला तीन गोष्टी पुरतात. आजार कुठल्या गतीने पुढे सरकतोय (प्रश्न २ पाहा)? आईजवळ रोज रात्री कोण झोपणार, ते नाव घेऊन सांगता येतं का? 'सगळे आहेत ना' हे उत्तर धरू नका. आणि आईला स्वतःला काय वाटतं, हे तिच्या तोंडून कोणी ऐकलंय का? या तिन्हींची उत्तरं मिळाली आणि निरोप नीट घेता आला (प्रश्न ४), तर जाण्यात काही वावगं नाही, असं माझं स्पष्ट मत आहे. घरातलं बघवत नाही म्हणून, न बोलता निघून जाणं मात्र पुढे फार जड जातं. तसं होत असेल तर तारीख पुढे ढकला.

२. "किती दिवस आहेत" हे डॉक्टर नेमकं का सांगत नाहीत? मी तारीख कशी ठरवू?

नेमकं त्यांनाही कळत नाही. शिकागोतल्या हॉस्पिस (अखेरच्या आजारातल्या शुश्रूषेच्या) सेवेतल्या ४६८ रुग्णांबद्दल त्यांच्या डॉक्टरांनी केलेले अंदाज २००० साली 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये प्रसिद्ध झाले. त्यातले जेमतेम २० टक्के बरोबर निघाले. ६३ टक्के अंदाज वाजवीपेक्षा आशावादी होते, म्हणजे माणसं डॉक्टरांना वाटलं त्याच्या आधीच गेली. डॉक्टर आणि रुग्ण यांची ओळख जितकी जुनी, तितका अंदाज जास्त चुकला, हेही त्यात दिसलं. तेव्हा वीस वर्षांपासूनचे फॅमिली डॉक्टर "अहो, दिवाळी काढतील" म्हणाले, तर त्यात त्यांची मायाही मिसळलेली असते.

त्यापेक्षा बदलाची गती बघा. महिन्या-महिन्याने तब्येत खालावतेय असं दिसत असेल तर बहुधा महिने हातात असतात. आठवड्याआठवड्याला फरक पडत असेल तर आठवडे. काल चमच्याने पेज घेणारं माणूस आज पाणीही नको म्हणत असेल, तर दिवस. या शेवटच्या गतीत असताना विमानात बसू नका.

आजारानुसारही फरक पडतो. कॅन्सरमध्ये शेवटची उतरण बहुतेक वेळा दिसते, अंदाज बांधता येतो. हृदय निकामी होत जाणं किंवा फुप्फुसांचा जुनाट दमा यांत माणूस चार वेळा हॉस्पिटलात जाऊन परत येतं आणि पाचव्यांदा अचानक जातं. अशा आजारात 'मागच्या वेळीही सावरले होते' यावर भिस्त ठेवू नका. डॉक्टरांना "किती दिवस?" असं न विचारता "पुढच्या महिन्याभरात हे गेले तर तुम्हाला आश्चर्य वाटेल का?" असं विचारून बघा. या प्रश्नाला डॉक्टर बरेचदा मोकळेपणाने उत्तर देतात.

३. मी जाणार हे आजोबांना सांगायचं का? घरचे म्हणतात, सांगू नका, हाय खातील.

सांगा. तुम्ही दिसत नाही हे त्यांना कळणारच आहे. कोणी सांगितलं नाही, तर ते मनाशी त्याहून वाईट कारण शोधतात.

पंचवटीतल्या एका घरी नात जॉर्जियाला तीन आठवड्यांसाठी निघाली होती. तिने भिंतीवरच्या कालनिर्णयात त्या त्या तारखेच्या चौकोनात त्या दिवशीच्या गावाचं नाव बॉलपेनने लिहून ठेवलं: तिबिलिसी, कुटाइसी, बातुमी. रोज सकाळी अंग पुसून झालं की सून त्यांना वाचून दाखवायची, "आज बातुमी, समुद्र आहे तिथे." आजोबा विचारायचे, पाऊस आहे का, आणि दुपारी नातीचा फोन आला की पहिलं तेच बोलणं व्हायचं. खोलीत आजाराशिवाय दुसरा विषय आला. हे कुठल्याही घरी करता येईल.

स्मृतिभ्रंश असेल तर मात्र वेगळं. तिथे एकदा सांगून भागत नाही आणि दर वेळी पहिल्यांदाच ऐकल्यासारखा धक्का बसू शकतो. 'बाहेरगावी गेलीय, येईल' एवढं पुरे.

४. निरोप घ्यायचा म्हणजे नेमकं काय बोलायचं? आमच्या घरात असं बोलायची पद्धतच नाही.

बहुतेक मराठी घरांत नाही. आपल्याकडे माया 'जेवलास का' यातूनच पोचते. म्हणून समोर बसून भाषण करायला जाऊ नका, हाताला काहीतरी काम घ्या. पायांना तेल लावा, नखं कापा, केस विंचरा. हात चालू असले की तोंड उघडतं.

मग विचारा. गोड्या मसाल्यात दगडफूल किती घालायचं. पणजोबा सिन्नरहून नाशिकला का आले. कोणाचं देणं-घेणं राहिलंय का. हे प्रश्न साधे वाटतात, पण आपल्याजवळचं काहीतरी पुढे जाणार आहे हे त्यातून आजारी माणसाला कळतं. फोनवर आवाज रेकॉर्ड करून ठेवायचा असेल तर विचारून करा.

आणि त्या ओघात तीन वाक्यं नक्की बोलून घ्या, तुमच्या शब्दांत. तुझ्यामुळे मला काय मिळालं. माझं काही चुकलं असेल तर मनात ठेवू नकोस. आणि मी नीट राहीन, माझी काळजी करू नकोस. तिसरं वाक्य ऐकायला अखेरच्या आजारातलं माणूस फार आसुसलेलं असतं. मी कित्येक उशांशी बसून हे पाहिलंय.

हे सगळं निघायच्या चार-पाच दिवस आधी करा. गाडी दारात, बॅग हातात, आणि आत जाऊन घाईने पाया पडणं, याला निरोप म्हणत नाहीत. आधी बोलून झालं असेल तर निघायच्या दिवशी नुसता नमस्कार पुरतो. आणि मग पुढे काहीही झालं, पोचता आलं नाही, तरी मुख्य गोष्ट तुमच्या हातून झालेली असते. या पानावर मला एकच गोष्ट सांगायची असती तर हीच सांगितली असती.

५. निघण्यापूर्वी कागदपत्रांचं काय उरकावं?

आधी एक गैरसमज. वडिलांनी मुखत्यारपत्र दिलंय म्हणजे सगळं निभावेल, असं लोक धरून चालतात. कायद्याप्रमाणे देणारी व्यक्ती वारली किंवा तिचं मानसिक भान कायमचं गेलं, की ते संपतं. म्हणजे ऐन गरजेला ते उपयोगी पडत नाही. घरखर्चाचं बँक खातं 'दोघांपैकी कोणीही किंवा हयात असणारा' अशा पद्धतीने घरातल्या माणसाबरोबर जोडून घ्या आणि नॉमिनी तपासा. १ नोव्हेंबर २०२५ पासून एका खात्याला चारपर्यंत नॉमिनी लावता येतात.

दुसरा कागद म्हणजे उपचारांविषयीचं इच्छापत्र, ज्याला लिव्हिंग विल म्हणतात. व्हेंटिलेटर लावायचा की नाही, हे माणसाने शुद्धीत असताना लिहून ठेवायचं. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये त्याला मान्यता दिली आणि जानेवारी २०२३ मध्ये पद्धत सोपी केली. दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्यासमोर सही, एवढं पुरतं. त्यात निर्णय घेणाऱ्या माणसांची नावं घालतात. तुमचं घाला, पण नाशिकमध्ये राहणाऱ्या एकाचंही घाला. रात्री दोन वाजता आयसीयूच्या दाराशी तो माणूस असणार आहे.

तिसरं, घरी मृत्यू झाला तर कोणता डॉक्टर येऊन प्रमाणपत्र देईल हे आधीच विचारून ठेवा. अखेरच्या आजारात ज्यांनी तपासलं त्यांनीच ते द्यायचं असतं. हा फोन नंबर फ्रिजवर चिकटवा. औषधांचंही बघा. मॉर्फिनच्या गोळ्या प्रत्येक मेडिकलमध्ये मिळत नाहीत, त्यामुळे लागोपाठ सुट्ट्या आल्या की घरात साठा आहे ना, हे बघणारं कोणीतरी ठरलेलं असू द्या.

६. तिकीट आणि व्हिसा घेताना काय पाहावं?

तारीख बदलता येणारं परतीचं तिकीट घ्या, थोडं महाग पडलं तरी. शिवाय ऐनवेळच्या एकेरी तिकिटाचे पैसे बाजूला ठेवा आणि कार्डाची मर्यादा तपासा.

व्हिसा बहुप्रवेशाचा मागा. युरोपातल्या शेंगेन देशांचा एकदाच प्रवेशाचा व्हिसा असेल, तर मध्येच घरी आलात की तो संपला, दिवस उरलेले असले तरी. व्हिएतनामच्या ई-व्हिसात ऑगस्ट २०२३ पासून ९० दिवसांपर्यंत एकदा किंवा अनेकदा प्रवेश असे दोन्ही पर्याय आहेत.

एकट्याने फिरणारे अनेक जण पुढच्या देशाचा व्हिसा वाटेतच काढतात आणि त्यासाठी पासपोर्ट तिकडच्या वकिलातीत जमा करतात. या प्रवासात ते अजिबात करू नका. पासपोर्ट आठवडाभर दुसऱ्याच्या ताब्यात असेल तर तुम्ही निघू शकत नाही. हरवला, तर जवळच्या भारतीय दूतावासातून भारतात परतण्यापुरतं 'इमर्जन्सी सर्टिफिकेट' मिळतं, त्यासाठी पासपोर्टची प्रत ईमेलवर हवी.

७. प्रवास विमा मधेच परतण्याचा खर्च देईल ना?

बहुधा नाही. पॉलिसी घेताना माहीत असलेल्या आजारामुळे परतावं लागलं तर तो खर्च सहसा वगळलेला असतो. 'निकटचे कुटुंबीय' या व्याख्येत आजी-आजोबा, काका-मावशी बरेचदा नसतात. शेंगेन व्हिसासाठी लागणारा ३०,००० युरोंचा विमा तुमच्या स्वतःच्या आजारपणासाठी आहे, याच्याशी त्याचा संबंध नाही. व्याख्या वाचूनच पैसे भरा.

८. घरच्यांशी फोनचं कसं ठरवावं?

रोजच्या गप्पा व्हॉट्सॲपवर आणि बातमी मात्र साध्या फोनवर, तीही एकाच ठरलेल्या माणसाकडून. असं ठरलं की प्रत्येक टिंगला छातीत धस्स होत नाही. त्या एका नंबरची रिंग रात्रीही वाजेल अशी सेटिंग फोनमध्ये करता येते, ती करून, एकदा रात्री फोन लावून बघा. संयुक्त अरब अमिरातीत व्हॉट्सॲपवरून बोलता येत नाही आणि चीनमध्ये व्हॉट्सॲपच बंद असतं, तिकडे जाणार असाल तर दुसरी सोय आधी करा. भारतातलं सिम रोमिंगवर चालू ठेवा. ऐनवेळी तिकिटाचे पैसे भरताना ओटीपी त्यावरच येतो.

फोनची वेळ रुग्णाच्या सोयीने ठरवा. लिस्बन-लंडन आपल्यामागे उन्हाळ्यात साडेचार तास, हिवाळ्यात साडेपाच. हनोई दीड तास पुढे. बहुतेक रुग्ण सकाळी अंग पुसून झाल्यावर तासभर टवटवीत असतात. तुमच्याकडे पहाट असेल तर पहाटे उठा.

९. घरचे खरं सांगणार नाहीत अशी भीती वाटते. आमच्याकडे माणूस गेल्यावरही "सिरीयस आहे, निघून ये" असंच सांगतात.

खरंय, ही आपल्याकडची फार जुनी रीत आहे. मागचा हेतू चांगलाच असतो: वाटेत एकटं असताना ऐकायला नको. पण ज्याला चौदा तास 'मी पोचेन का' या घालमेलीत काढावे लागतात त्याचे हाल त्याहून मोठे असतात. विमानतळावर उतरून एखाद्याच्या स्टेटसवर 'भावपूर्ण श्रद्धांजली' वाचणं तर कोणाच्याच वाट्याला येऊ नये.

म्हणून निघण्यापूर्वी सगळ्यांसमोर, शक्यतो घरातल्या वडीलधाऱ्यांसमोर, ठरवून घ्या: काय झालंय ते मला तसंच सांगायचं, आणि मला फोन झाल्याशिवाय कोणी ग्रुपवर टाकायचं नाही. सांगणारा माणूस निवडताना सगळ्यात हळवा नको, सगळ्यात मोठाही नको. ज्याच्या आवाजावर तुमचा विश्वास बसतो तो निवडा. अनेक घरांत तो चुलतभाऊ किंवा वहिनी असते.

१०. तिकडे हसताना, चांगलं खाताना अपराधी वाटतं. फोटो टाकावेत का?

अपराधी वाटणारच, त्याने तुमचं काही चुकतंय असं होत नाही. फोटो सगळ्यांसाठी टाकण्याआधी आजारी माणसाला पाठवा. त्यांना दाखवून झाला की तो चोरून केलेला आनंद राहत नाही. ज्यांची रात्रपाळी चालू आहे त्या बहिणीला, वहिनीला मात्र रोज समुद्रकिनारा पाठवू नका. तिला फोन करून विचारा, तू झोपलीस का, आणि दिवसभराच्या बाईचे पैसे परस्पर भरा.

११. तब्येत ढासळल्याचा फोन आला. लगेच निघू की दोन दिवस थांबून बघू?

फोनवर चार गोष्टी विचारा. पाणी घेतात का? लघवी होतेय का? दिवसातला बहुतेक वेळ गुंगीतच जातो का? श्वास मध्येच थांबून पुन्हा सुरू होतो का, घशात घरघर आहे का? यातल्या दोन-तीन बाबतींत एकदम बिघाड झाला असेल आणि हातपाय गार पडून त्यांवर निळसर जाळी दिसत असेल, तर दिवस किंवा तास उरलेत. त्याच फोननंतर तिकीट बघा.

नुसता ताप, जंतुसंसर्ग, ॲडमिट केलंय, सलाईन चालू आहे असं असेल तर डॉक्टरांशी स्वतः बोला. तरीही ठरवता येत नसेल तर निघा. दोन दिवस आधी पोचल्याचं कोणालाच वाईट वाटत नाही.

१२. बातमी आली आणि मी अनोळखी गावात एकटी आहे. पहिल्यांदा काय करू?

खाली बसा. मग समोर जे कोणी असेल त्याला सांगा: हॉस्टेलच्या काउंटरवरचा मुलगा, होमस्टेची मालकीण. "माय मदर डाइड" एवढे तीन शब्द जगात कुठेही कळतात आणि अनोळखी माणसं फार मायेने वागतात. एकट्याने खोलीत कोंडून घेऊ नका. पाणी प्या, साखर घातलेलं काहीतरी घ्या. स्कूटर, गाडी चालवू नका, दारू तर नकोच.

तिकीट तुम्ही काढू नका. नाशिकमधल्या एका मित्राकडे पासपोर्टची प्रत आधीच देऊन ठेवलेली असावी, तोच काढेल. सुन्न डोक्याने माणसं चुकीच्या तारखेचं तिकीट काढतात. पासपोर्ट, चार्जर, नेहमीच्या गोळ्या खांद्यावरच्या पिशवीत घ्या. बाकी सामान मागे राहिलं तरी चालेल.

विमान दुसऱ्या दिवशी असेल आणि माणसांत बसावंसं वाटत असेल तर गुरुद्वारा शोधा. बऱ्याच देशांत तो सापडतो, तिथे कोणी काही विचारत नाही आणि जेवायला मिळतं. मोठ्या शहरांत महाराष्ट्र मंडळं आहेत, लंडनचं तर १९३२ पासून. विमानात बसल्यावर कर्मचाऱ्यांना एका वाक्यात सांगून ठेवा. मध्ये विमान बदलायचं असेल तर त्या तासांत फोनवर कोण असेल हेही ठरवा.

१३. मुंबई विमानतळावरून नाशिकला लवकरात लवकर कसं पोचावं?

घरून ड्रायव्हरसह गाडी पाठवायला सांगा. अंतर साधारण १७० किलोमीटर, सुरळीत असेल तर चार तास, भिवंडीजवळ अडकलात तर जास्त. समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा ७६ किलोमीटरचा शेवटचा टप्पा ५ जून २०२५ ला खुला झाला, त्यामुळे कसारा घाट टाळता येतो. दिल्लीत उतरणार असाल तर ओझरच्या (नाशिक विमानतळाच्या) विमानाची वेळ जुळते का बघा. रात्रभर जागून स्वतः गाडी चालवत येऊ नका.

१४. माझ्यासाठी अंत्यविधी किती वेळ थांबवता येईल?

शीतशवपेटी घरी आणता येते, हॉस्पिटलच्या शवागारातही ठेवता येतं, त्यामुळे एक दिवस थांबणं शक्य असतं. पण 'थांबा' म्हणण्यापूर्वी घर डोळ्यांसमोर आणा. अंत्यसंस्कार होईपर्यंत चूल पेटत नाही. शुगर असलेली काकू, ऐंशीचे मामा, रात्रभर जागलेली सून, सगळे उपाशीपोटी बसलेले असतात. शेजारचं पिठलं-भाकरी येतं ते अमरधामहून (स्मशानातून) परतल्यावर. माझं मत असं, की साधारण चोवीस तासांत तुम्ही पोचत असाल आणि घरच्यांनी आपणहून थांबू म्हटलं, तर थांबू द्या. त्यापुढे तुम्हीच फोन करून "माझ्यासाठी थांबू नका" म्हणा. हे तुम्ही म्हटलंत की घरच्यांच्या मनावरचं ओझं उतरतं, नाहीतर ते वर्षानुवर्षं मनात ठेवतात.

मुस्लिम घरांत दफन लवकरात लवकर करतात, तिथे थांबण्याचा प्रश्न सहसा येत नाही. नेत्रदान करायचं असेल तर ते सहा तासांच्या आत व्हावं लागतं, त्यासाठी तुमची वाट पाहू नये.

१५. मी पोचूच शकत नाही. व्हिडिओवर दर्शन घेणं बरं दिसतं का?

बरं दिसण्याचा प्रश्नच नाही, तुम्हाला हवं असेल तर घ्या. फोन कोण धरणार हे ठरवा, आणि तो धरणारा शोकातला नको, शेजारचा मुलगा चालेल. अमरधामपर्यंत बघायचं की घरापर्यंतच, तेही आधी सांगा. अग्नी देताना बघणं पुष्कळांना एकट्याने झेपत नाही.

माणूस अजून आहे पण शुद्धीत नाही, तर फोन कानाशी लावायला सांगा आणि बोला. कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठाच्या २०२० मधल्या अभ्यासात, प्रतिसाद न देणाऱ्या काही रुग्णांचा मेंदूही आवाजाला प्रतिसाद देताना आढळला. प्रश्न ४ मधली वाक्यं तेव्हाही बोलता येतात.

१६. सुतक कधीपासून धरायचं? आणि अस्थी, दहावा यांचं काय?

आईवडील गेले आणि मूल दूरदेशी असलं, तर ज्या दिवशी ऐकलं त्या दिवसापासून दहा दिवस धरावेत, असं धर्मशास्त्राचं जुनं वचन आहे. म्हणजे पोचू न शकणाऱ्या लेकराचा विचार आपल्या परंपरेने फार पूर्वीच केलेला आहे. इतर नात्यांत दहा दिवसांच्या आत कळलं तर सहसा उरलेले दिवस धरतात. बारकावे तुमच्या गुरुजींना विचारा.

अग्नी देणं, पिंडदान करणं हे मुलगी, पुतण्या, जावई कोणीही करू शकतं, त्यामुळे तुमच्यावाचून अडत नाही. अस्थी तुमच्यासाठी राखून ठेवता येतात. रामकुंडावर देशभरातून लोक अस्थी घेऊन येतात, तुम्ही आठवड्याने आलात तरी तिथे काही बिघडत नाही. फक्त ३१ ऑक्टोबर २०२६ च्या ध्वजारोहणापासून सिंहस्थ सुरू होतोय. पर्वकाळात घाटाकडचे रस्ते बंद असतात, तेव्हा पोलिसांची सूचना बघून दिवस ठरवा. बौद्ध घरांत पुण्यानुमोदनाची तारीख तुमच्या येण्याप्रमाणे ठरवता येते, कळवायला मात्र उशीर करू नका.

१७. नातेवाईक म्हणतात, आजीचा जीव तुझ्यातच अडकलाय, तू आल्याशिवाय सुटायची नाही.

हे ऐकून परदेशात एकटं बसलेल्या माणसाची काय अवस्था होते, याची बोलणाऱ्याला कल्पना नसते. शरीर आपल्या क्रमाने थांबतं. लाडकी नात पोचल्यावर तासाभरात गेलेली माणसं मी पाहिलीत, सगळे उशाशी असताना आठवडाभर राहिलेलीही पाहिलीत, आणि सगळे चहाला उठून गेले तेवढ्यात गेलेलीही. फोन करून "आजी, मी बरी आहे, तू निवांत जा" म्हणा. येणं शक्य आहे की नाही ते प्रश्न ११ प्रमाणे ठरवा, या वाक्यावरून नको.

१८. मी धावतपळत परत आलो आणि त्या सावरल्या. आता पुन्हा जाऊ का?

व्हिसा असेल (प्रश्न ६) आणि त्यांची इच्छा असेल तर जा. ज्याने फोन केला त्याला "उगाच घाबरवलंस" असं चुकूनही म्हणू नका. पुढच्या वेळी तो फोन करायला कचरेल.

१९. मी एकुलती एक आहे. माझ्यासारखीने जाण्याचा विचारही करू नये का?

करावा, पण दोन माणसं नेमून: निर्णय घेणारं एक आणि धावपळ करणारं एक. एकाच मामावर दोन्ही टाकू नका. नर्सिंग ब्यूरोतून रात्रीची बाई किंवा ब्रदर ठेवणार असाल, तर तुम्ही इथे असतानाच आठ-दहा दिवस आधी सुरू करा, म्हणजे रुग्णाला तो हात ओळखीचा होतो. आणि एका दिवसात मुंबई गाठता येईल अशाच ठिकाणी जा, रेंज नसलेला लांबचा ट्रेक पुढच्या वर्षी. नवरा किंवा बायको अखेरच्या आजारात असेल तर मी बहुतेकांना थांबायलाच सांगते. तिथे दुसरं कोणी तुमची जागा घेऊ शकत नाही.

२०. जी व्यक्ती जाते आहे ती नात्याने माझी कोणीच नाही. मैत्रीण आहे. मला कोण कळवणार?

कोणी कळवणार नाही, हे गृहीत धरून तयारी करा. तिच्या घरातल्या एका माणसाशी आत्ताच ओळख करून घ्या आणि तिच्यासमोर सांगा, "मला पहिल्या दिवशी कळवा." ऑफिसची रजा, विमा, सुतक यांत मैत्रीला जागा नाही. म्हणून प्रश्न ४ मधला निरोप तुमच्यासाठी सगळ्यात महत्त्वाचा, कारण पुढच्या कुठल्याही विधीत तुम्हाला बोलावलं जाईल याची खात्री नाही.

२१. वडिलांशी वर्षानुवर्षं बोलणं नाही. आता ते जाताहेत आणि मी निघालोय. भेटावं का?

तुमच्यावर अन्याय झाला असेल तर भेटायला बांधील नाही, कोणी कितीही दबाव आणला तरी. पण मन द्विधा असेल तर दहा मिनिटांसाठी जा. माफ करायला किंवा हिशेब मांडायला नको. नुसतं बसून या. बोलणं नको असेल तर कोणाजवळ चिठ्ठी द्या. लांबून, एकट्याने ही गाठ सोडवणं फार कठीण असतं. आईच्या बाबतीतही उत्तर हेच.

२२. मृत्यूचा दाखला आणि पुढच्या सह्या परदेशातून होतात का?

दाखल्यासाठी तुम्ही हजर असण्याची गरज नाही. मृत्यू जिथे झाला तिथल्या महापालिकेत किंवा ग्रामपंचायतीत २१ दिवसांच्या आत नोंद करायची. हॉस्पिटलात झाला तर ते कळवतात. घरी झाला तर घरच्यांनी, डॉक्टरांच्या प्रमाणपत्रासह (प्रश्न ५). २१ दिवस उलटले तर तीसपर्यंत विलंब शुल्क भरून, वर्षापर्यंत जिल्हा निबंधकांच्या लेखी परवानगीने आणि त्यानंतर दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाने नोंद होते. गेलेल्यांचं नाव आधार आणि बँकेत आहे त्याच स्पेलिंगने लिहिलंय ना, हे फोनवर फोटो मागवून तपासा. नंतर दुरुस्तीला फार हेलपाटे पडतात.

वारस म्हणून सह्या लागणार असतील आणि येणं शक्य नसेल, तर तिथल्या भारतीय वकिलातीत स्वतःचं मुखत्यारपत्र साक्षांकित करून भावाबहिणीला पाठवता येतं. ते भारतात पोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत मुद्रांक शुल्क भरावं लागतं. मूळ प्रत कुरियरने पाठवताना पावती आणि स्कॅन स्वतःजवळ ठेवा. दाखल्याच्या आठ-दहा प्रती एकदमच काढायला सांगा. बँक, विमा, पेन्शन, सोसायटी, गॅस, प्रत्येक ठिकाणी एकेक लागते.